घंटा आणि हंडा



सातवी शिकलेल्या बाईने अणूवर बोलावे, हे धाडसच. पण लातूरचा माझा भाचा हे शास्त्र शिकतो. दिवाळीत तो नांदेडला आला, तेव्हा त्याने सांगितलेले मला घरचेच वाटले.

1972 च्या मे महिन्यात मुंबईजवळ तुर्भ्याला ‘पूर्णिमा’ ही प्लुटोनियमची लहानशी अणुभट्टी सुरू झाली. असे इंधन रचताना अणू फुटण्याची साखळी आपली आपण चालू राहण्याच्या किती जवळ आली, हे आधी कळावे लागते. म्हणून न्यूट्रॉनांचा झोत सोडून तो किती झपाट्याने विरतो ते मोजतात. हळू विरला, की सावध व्हायचे! धातूच्या नुसत्या गोळ्यात तर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपासच सारा खेळ आटोपतो.

मोजायचे कशाने? हेलियमची नळी गॅमा किरणांना सहसा फसत नाही, पण तिला मंद न्यूट्रॉन लागतात. म्हणून तिच्याभोवती मेण किंवा पॉलिथिन ठेवतात. त्यातच न्यूट्रॉन रेंगाळतात. देवळातल्या घंटेचा नाद मोजायला कानाशी हंडा धरावा, आणि घंटा थांबली तरी हंडाच घुमत राहावा, तसे!

चमकणारे प्लॅस्टिक क्षणात उजळते. मात्र साध्या प्लॅस्टिकला न्यूट्रॉन कोणता नि गॅमा कोणता, हे कळत नाही. आत युरेनियमचा पातळ लेप दिलेली छोटी डबी चटपटीत, गॅमाला न भुलणारी, पण नोंदी फार थोड्या देते.

मी म्हटले, “मग डबीच घे.”

“आत्या, फार वेळ बसावे लागते!”

“पुरण शिजेपर्यंत आम्ही बसतोच की!”