पडद्यावरचे जुने खेळ

सोंगट्यांचा पट मांडून बसलेल्या मंडळींना, ‘हा जुनाच खेळ तुम्ही पुन्हां कां खेळतां?’ असें कोणी विचारीत नाहीं. बुद्धिबळाचा डाव काल झाला, आज होईल व उद्यांहि होईल. त्याला जुना म्हणणाराच वेड्यांत निघेल. परंतु अंधेरीस किंवा मुलुंडास चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ रविवारीं सकाळीं आपल्या शाळकरी वयांतला व्हिडिओ गेम लावून बसला, म्हणजे घरांतलीं माणसें एकमेकांकडे पाहून हसूं लागतात. मुलांना तें ओबडधोबड चित्र पाहून कींव येते. पत्नीला बाजारांतून आणावयाची भाजी आठवते. या हसण्यांत कांहीं गैर नाहीं. तरी पण, श्रोतेहो, त्या गृहस्थाचीहि एक बाजू आहे, आणि ती ऐकून घेण्यासारखी आहे.

ज्या यंत्रावर हे खेळ चालत, त्याचा मूळ अवतार जपानांतला. निंटेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नांवाचें यंत्र विक्रीस काढलें. मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखालीं तें तयार झालें होतें. भारतांत ‘समुराई’ या नांवाखालीं तें रीतसर विकलें गेलें खरें. पण १९९० नंतरच्या दशकांत मुंबईच्या उपनगरांत घरोघर जें पोंचलें, ती बहुतेक ठिकाणीं त्याची नक्कल होती. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ अशीं नांवें त्या नकलांवर छापलेलीं असत. परीक्षेचा निकाल चांगला लागला कीं बापलेक बोरिवलीहून किंवा घाटकोपरहून लोकल धरून लॅमिंग्टन रोड नाहीं तर मनीष मार्केट गांठीत, आणि परततांना तो खोका मांडीवर असा सांभाळून आणीत, कीं जणूं आंत गणपतीची मूर्तिच आहे. खेळ ज्या प्लॅस्टिकच्या डबींत भरलेला असे, तिला मुलें ‘कॅसेट’ म्हणत. तींत फीत नव्हती, फिरणारें चक्रहि नव्हतें. पण लोकांनीं एकदां ठेवलेलें नांव बदलण्याची कोणाची प्राज्ञा!

पुष्कळ कॅसेटींवर ‘एकांत ९९९९ खेळ’ अशी घोषणा असे. यादी उघडावी तर आरंभींचे कांहीं खेळ खरोखरच निरनिराळे. पुढें मात्र तेच खेळ नवीं नांवें धारण करून पुनःपुन्हां समोर येत. कोठें तोच खेळ मधल्याच टप्प्यापासून सुरू होई, कोठें नुसता मथळा बदललेला असे. ही उघड उघड फसवणूक होती. गंमत अशी कीं, ती कळल्यावरहि मुलांना फारसा राग आला नाहीं. न जाणो, पुढच्या पानावर एखादा न पाहिलेला खेळ दडलेला असेल, या आशेवर मे महिन्यांतल्या कित्येक दुपारी खर्चीं पडल्या.

त्या काळच्या उपनगरांतलें घर डोळ्यांसमोर आणल्याखेरीज या खेळांचें मर्म कळावयाचें नाहीं. एक खोली, एक स्वयंपाकघर, टी. व्ही. एकच, आणि त्यावर हक्क सांगणारीं माणसें पांचसहा. वडिलांच्या बातम्या, आईची मालिका आणि रविवारचा चित्रपट यांतून उरेल तेवढाच वेळ मुलांचा. आणि त्या वेळाचे वाटेकरीहि दोन. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजीं जपानांत प्रसिद्ध झाला. शिगेरू मियामोतो व ताकाशी तेझुका यांनीं तो रचला. त्यांत दोघांना खेळतां येतें, पण एका वेळीं एकालाच. थोरला भाऊ मारिओ होई, धाकटा लुइगी; आणि मारिओ मरे तोंवर लुइगीनें स्वस्थ बसावयाचें. थोरल्याच्या मरणाची इतक्या उत्कंठेनें वाट पाहणारा धाकटा भाऊ महाभारतानंतर या एका खेळांतच दिसला असेल!

‘कॉन्ट्रा’ची तऱ्हा निराळी. कोनामी कंपनीचा हा खेळ घरगुती यंत्रावर १९८८ सालीं आला. त्यांत दोन शिपाई बरोबरीनें चालतात. तिसऱ्या टप्प्यांत एक धबधबा चढून जावयाचा असतो. वरचा शिपाई घाईघाईनें उड्या मारीत निघाला कीं पडदा त्याच्याबरोबर वर सरकतो, आणि मागें राहिलेला बिचारा खालच्या कडेशीं सांपडून शत्रूची गोळी न लागतांच मरतो. ‘थांब, मला येऊं दे’ हे शब्द त्या धबधब्याखालीं उपनगरांतल्या किती घरांत उच्चारले गेले असतील! नामको कंपनीच्या १९८५ सालच्या ‘बॅटल सिटी’त तर दोघांनीं मिळून विटांच्या भिंतीआडच्या एका गरुडाचें रक्षण करावयाचें. टप्पे ३५, आणि प्रत्येक टप्प्यांत शत्रूचे २० रणगाडे. जोडीदाराचा गोळा आपल्या रणगाड्याला लागला तर तो नष्ट होत नाहीं, क्षणभर जागच्या जागीं थिजतो. परंतु आपलाच गोळा चुकून गरुडाला लागला कीं डाव तेथेंच संपतो. त्यानंतर होणारें भांडण खेळाच्या रचनेंत धरलेलें नव्हतें. तें स्वयंपाकघरांतून आई येऊन मिटवी.

मग हीं माणसें आज पुन्हां त्या खेळांकडे कां वळतात? बालपणाची आठवण, हें उत्तर सोपें आहे, आणि अर्धेंच खरें आहे. लहानपणच्या कितीतरी वस्तु आठवतात, पण त्या घेऊन तासभर बसवत नाहीं. या खेळांपाशीं बसवतें, याचें कारण त्यांच्या घडणींत शोधावें लागतें. सबंध मारिओचा खेळ अवघ्या ४० किलोबाइटांत मावलेला आहे. आज हातांतल्या फोननें घेतलेलें एक साधें छायाचित्र त्याच्या कित्येक पट जागा व्यापतें. तेवढ्यांत ३२ टप्पे, शत्रु, संगीत, सर्व कांहीं बसविलें आहे. जागा वांचविण्यासाठीं आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप यांना एकच आकृति वापरली आहे. रंग तेवढा वेगळा. इतक्या काटकसरीनें केलेल्या कामांत अडगळ राहत नाहीं. प्रत्येक खड्डा, प्रत्येक वीट मोजून ठेवलेली असते. आपल्याकडे त्या नकली यंत्रांबरोबर धड सूचनापत्रहि मिळत नसे, तरी घाटकोपरचा आठ वर्षांचा मुलगा पांच मिनिटांत उडी, धांव व विटेला टक्कर हें सारें शिकत असे. कारण खेळच त्याला शिकवी. पाठ्यपुस्तकें रचणाऱ्यांनीं त्याचा पहिला टप्पा एकदां अवश्य खेळून पाहावा.

दुसरें असें कीं, हा खेळ बदलत नाहीं. ज्या उपनगरांत तो खेळला गेला, तीं उपनगरें मात्र ओळखूं येईनाशीं झालीं. अंधेरी व घाटकोपर यांच्या दरम्यान २०१४ सालीं डोक्यावरून मेट्रो धांवूं लागली. तीन मजल्यांच्या इमारती पडून तेथें वीस-वीस मजले उभे राहिले. नाक्यावरचा वाणी गेला, मैदानांत गाड्या उभ्या राहूं लागल्या. पहिल्या टप्प्यांतला तो हिरवा नळ मात्र तेथेंच आहे. परतलेल्या माणसाची बोटें डोक्याच्या आधीं उडी मारतात, आणि ती उडी बरोबर जागीं पडते.

‘कॉन्ट्रा’मध्यें ३० जीव मिळविण्याची एक युक्ति होती. आरंभींच्या पडद्यावर दोनदां वर, दोनदां खालीं, मग डावें-उजवें, पुन्हां डावें-उजवें, आणि शेवटीं बी व ए, अशा क्रमानें कळा दाबावयाच्या. ही युक्ति मूळ काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ सालीं ‘ग्रॅडियस’ हा खेळ तयार करतांना तो त्यांना स्वतःलाच इतका कठीण जाऊं लागला कीं, तपासणीच्या सोयीसाठीं त्यांनीं ही चोरवाट ठेवली, व ती पुढें तशीच राहून गेली. २०२० सालीं ते वारले. जपानांतली ही गोष्ट बोरिवलीच्या चाळींत कोणत्याहि छापील साधनावांचून पोंचली. गच्चीवर, शाळेच्या बाकावर, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानीं. पाढे विसरलेलीं माणसेंहि हा क्रम आज बिनचूक म्हणून दाखवितात.

पुढें संगणकाचे दिवस आले. स्थानकाजवळच्या सायबर कॅफेंत तासावर पैसे मोजून ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळणारी पिढी आतां नोकरींत स्थिरावली आहे. त्या खेळाचा १९९९ सालचा दुसरा भाग कंपनीनें २०१९ सालीं नव्यानें घडविला व २०२२ सालीं त्यांत बंगाली, द्राविड व गुर्जर राज्यें आणून बसविलीं. त्यामुळें त्याचे जुने भक्त अद्याप टिकून आहेत. पण असें भाग्य थोड्यांचें. ‘पबजी’च्या मोबाइलवरील खेळावर २ सप्टेंबर २०२० रोजीं भारत सरकारनें बंदी घातली, आणि ३० ऑक्टोबरला त्याची येथील सेवा थांबली. खेळाडू तयार, हत्यार हातांत, पण रणभूमीच नाहीं! नव्या खेळांचा पट आपल्या घरांत नसतो, तो दुसऱ्याच्या यंत्रावर मांडलेला असतो. त्यानें आवरला कीं आवरला.

काळजीची गोष्ट येथें आहे. सारीपाट हरवला तर जमिनीवर कोळशानें रेघा मारतां येतात. गंजिफा खेळणारे उरले नाहींत, तरी सावंतवाडीच्या राजवाड्यांत तीं गोल पानें अजून रंगविलीं जातात. व्हिडिओ गेमला तसा कोळसा नाहीं. अमेरिकेंतील ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’ या संस्थेनें २०२३ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, २०१० पूर्वीं त्या देशांत निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ आज बाजारांत विकत मिळत नाहींत. मग जुनें यंत्र जपणें किंवा त्याची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीचा आश्रय घेणें, एवढाच मार्ग उरतो. या दुसऱ्या मार्गाला कायद्याची संमति बहुधा नसते. आपल्या उपनगरांत तर आरंभच नकलेपासून झाला. ज्या कारागिरांनीं हा आनंद दिला, त्यांच्या पदरीं येथून एक पैहि पडली नाहीं. हें बरें झालें असें म्हणवत नाहीं. आणि त्या नकला नसत्या तर त्या एका खोलींतल्या मुलांना या खेळांचें दर्शन तरी घडलें असतें काय, हाहि प्रश्न टाळतां येत नाहीं.

अलीकडे इमारतीचा पुनर्विकास ठरला कीं पोटमाळे रिकामे होतात. पितळेचीं भांडीं, फुटक्या बरण्या यांच्यामागून वायरी गुंडाळलेलें तें यंत्र निघतें. भाड्याच्या जागेंत सामान लागल्यावर पहिल्या सुटीच्या दिवशीं तें जोडून पाहण्याची हौस होते. नव्या टी. व्ही.ला त्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांची भोकेंच नसतात. त्यासाठीं एक लहानशी जोडणी विकत आणावी लागते. मग मारिओ धांवूं लागतो. बदकांच्या शिकारीची ती बंदूक मात्र चालत नाहीं. तिचा घोडा ओढतांच पडदा निमिषमात्र काळा होतो व बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळींतला प्रकाश टिपणारा भाग तो उजेड पाहतो. काचेच्या जुन्या टी. व्ही.वर चित्र विनाविलंब उमटे, म्हणून हा हिशेब जमत असे. सपाट पडद्यावर तें किंचित् उशिरां येतें, आणि तोंवर बंदूक पाहून चुकलेली असते. नेम कितीहि अचूक असो, बदकें उडून जातात, आणि गवतांतून तो कुत्रा डोकें वर काढून हसतो. तो काचेचा टी. व्ही. भंगारवाल्याला दिल्याचा पश्चात्ताप पुष्कळांना येथें प्रथम होतो.

या यंत्राला दोन रिमोट असत. मूळ जपानी यंत्राच्या दुसऱ्या रिमोटावर खेळ सुरू करण्याचें बटणच नव्हतें, आणि पुष्कळ नकलांनींहि तीच रीत उचलली होती. तो रिमोट धाकट्याच्या वांट्याला ठरलेला. आज त्या थोरल्या-धाकट्यांपैकीं एक मुलुंडास असला, तर दुसरा पुण्यास किंवा परदेशांत असतो, आणि दिवाळीला भेटले तरच दोघे त्या धबधब्याखालीं पुन्हां उभे राहतात. एरव्हीं शेजारीं घरांतली लहान मुलगी येऊन बसते. आरंभीं हसणारी तीच. दोन डाव पाहून झाले कीं ती पहिला रिमोट मागून घेते. आणि तो चाळिशींतला मारिओ मुकाट्यानें दुसरा उचलून, ती सुरू कधीं करते याची वाट पाहत बसतो.