अडकित्ता, बंब आणि मापटं

(गणेशोत्सवातील सांस्कृतिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘सुट्टीत पाहिलेलं ठिकाण’ या विषयावर दहा-पंधरा मिनिटं बोला, असं सांस्कृतिक समितीने मला सांगितलं. माझ्या आधीच्या वक्त्यांनी आपल्याला दुबई आणि केदारनाथ फिरवून आणलं. मी मात्र तुम्हाला पुण्याच्या शुक्रवार पेठेपलीकडे नेऊ शकत नाही! शिवाय मी काही वक्ता नव्हे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि वीस वर्षांहून जास्त रुळांवरची पायपीट, एवढंच माझं भांडवल. तेव्हा बोलणं ट्रॉलीसारखं जरा खडखडत जाईल, सांभाळून घ्या.

मे महिन्यात आईला आणि मुलीला घेऊन मी राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. नावावरून हे कुणा राजेसाहेबांचं असेल असं इकडच्या सहकाऱ्यांना वाटतं. जयपुरात राहिल्यावर वाटणारच! पण राजा हे दिनकर गंगाधर केळकरांच्या मुलाचं नाव. तो लहानपणीच वारला आणि त्याच्या आठवणीसाठी वडिलांनी संग्रहाला त्याचं नाव दिलं. केळकरांचा जन्म १८९६ चा, मृत्यू १९९० चा. चष्म्याचा व्यवसाय करायचे आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहायचे. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू गोळा करायचा नाद लागला. पत्नी कमलाबाईंनी त्यात साथ दिली. गावोगाव फिरून वीस हजारांच्या वर वस्तू जमवल्या आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. १९८० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जागा अपुरी म्हणून यातल्या अडीच हजारांच्या आसपासच वस्तू मांडलेल्या असतात. बाकीच्या पेट्यांत.

आता या वस्तू कसल्या? आपल्याकडे सिटी पॅलेसमध्ये जातो तेव्हा तलवारी, अंगरखे, पालख्या बघतो. केळकरांकडेही शस्त्रं आहेत, कोथरूडहून आणून पुन्हा उभा केलेला मस्तानी महाल आहे. पण माणूस जास्त वेळ थांबतो ते अडकित्त्यांपाशी, समयांपाशी, कुलपांपाशी, दौतींपाशी. विंचवाच्या आकाराचं कुलूप आहे. पाय घासायच्या वज्री आहेत, त्यांच्यावर मोर आणि हत्ती. किसण्या, विळ्या, फण्या, गंजिफा. म्हणजे ज्या गोष्टी कुणाच्याही इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत, त्या सगळ्या.

अडकित्ता बघून मला पहिल्या वर्षाचं अप्लाइड मेकॅनिक्स आठवलं. टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. दुसऱ्या प्रकारची तरफ! आमच्या सरांनी फळ्यावर काढली होती ती ढकलगाडीची आकृती. अडकित्ता काढला असता तर वर्गातल्या एकालाही विसर पडला नसता. मुलगी मात्र म्हणाली, “बाबा, ये तो सरौता है.” बरोबरच आहे. तिची मैत्रीण पुष्कर रोडच्या आजोबांकडे तेच बघते. शब्द तिला हिंदीतून आला, आणि निदान आला तरी. पुढच्या कपाटापाशी तिला कुठल्याच भाषेतला शब्द सुचेना.

आणि इथे आमच्या मातोश्रींचं काम सुरू झालं. आई शहात्तर वर्षांची. संग्रहालयात यायला तयारच नव्हती. “घरात काय कमी अडगळ आहे, म्हणून पैसे देऊन बघायची?” असं म्हणत आली. पण आत गेल्यावर पाटी न वाचता ती नुसतं बोट दाखवून सांगत सुटली. हे असं धरायचं, याच्यात एवढंच तेल घालायचं, ही वात दोन पदरी करायची नाहीतर काजळी धरते. पाटीवर नाव असतं, धातू असतो, शतक असतं. काजळी नसते. मागून येणारं एक कुटुंब थोड्या वेळाने आमच्याच बरोबर चालायला लागलं.

वज्रीपाशी मात्र ती थांबली आणि म्हणाली, “ही वाड्यावरच्यांची. आम्ही ठिकरीने टाचा घासायचो.” मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. कारण मोर बसवलेली वज्री टिकली, ठिकरी कोण ठेवणार? पितळेचा दिवा टिकतो, मातीची पणती फुटते. संग्रहालय कितीही प्रामाणिक असलं तरी त्यात टिकाऊ वस्तूंचीच गर्दी होते, आणि टिकाऊ वस्तू ज्यांना परवडत होत्या त्यांचीच. यावर आपल्या राजस्थानातच एक उत्तर आहे, ते पुष्कळांना माहीत नाही. जोधपूरजवळ मोकलावास गावी कोमल कोठारींनी ‘अरना झरना’ नावाचं संग्रहालय उभं केलं. तिथे मुख्य काय आहे? झाडू! वेगवेगळ्या गवतांचे, पानांचे, काटक्यांचे झाडू. घरात वापरायची ती स्त्रीलिंगी, अंगणात आणि गोठ्यात वापरायचा तो पुल्लिंगी. आपणही केरसुणी आणि खराटा असाच फरक करतो की! आणि लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लागतं ते केरसुणीला, खराट्याला नाही. कोठारी २००४ मध्ये गेले. कुणी जोधपूरला ड्यूटीवर गेलात तर मेहरानगडानंतर दोन तास तिकडे जरूर काढा.

भांड्यांचंही असंच एक संग्रहालय अहमदाबादला आहे, ‘विशाला’ या हॉटेलच्या आवारात. सुरेंद्र पटेल यांनी ते १९८१ मध्ये सुरू केलं. लोक पितळ मोडीत घालून स्टील घेत होते, तेव्हा या माणसाने ते पितळ वाचवलं. पुण्याचे केळकर काय आणि हे काय, दोघांची वेळ लक्षात घ्या. वस्तू दोनशे वर्षांची झाल्यावर तिच्यामागे धावणारे पुष्कळ. यांनी ती धरली ती घराबाहेर पडताना, उंबरठ्यावर. केळकरांच्या तरुणपणी घराघरांत कंदील आला होता, शहरात वीज येत होती आणि समया-लामणदिवे माळ्यावर चालले होते. आज आपण ज्याला ‘ऐतिहासिक’ म्हणतो ती त्या वेळी शेजारच्या काकूंची अडगळ होती.

मग आपली आजची अडगळ कोणती? रेल्वेवाल्यांना सांगायला नको. मी २००४ मध्ये नोकरीला लागलो तेव्हा आपल्या उत्तर पश्चिम रेल्वेला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मीटरगेज अजून बरीच शिल्लक होती. ब्रँच लाइनवर नील टोकन यंत्रातून निघालेला गोळा चामडी पिशवीत, वेताच्या कड्याला अडकवून ड्रायव्हरला दिलेला मी पाहिला आहे. तो गोळा हातात नसेल तर गाडी पुढच्या सेक्शनमध्ये जाऊ शकत नाही. एवढ्याशा गोळ्यावर शेकडो जीव! पुठ्ठ्याचं तिकीट आठवतंय? सव्वादोन इंच लांब. थॉमस एडमंडसन या इंग्लंडमधल्या स्टेशनमास्तरने १८३० च्या दशकाच्या अखेरीस ते काढलं आणि आपल्याकडे खिडकीवरच्या यंत्रात ‘खट्’ करून तारीख उमटवून ते मिळायचं. सी.एस.टी. नाइन स्लीपरच्या बिडाच्या प्लेटी मी स्वतः मोजून भंगारात पाठवल्या आहेत. दिल्लीला चाणक्यपुरीत १९७७ पासून रेल्वे संग्रहालय आहे, तिथे इंजिनं छान ठेवली आहेत. पण इंजिन मोठं असतं, ते कुणीतरी ठेवतंच. गँगमनचा डबा, कीमनचा हातोडा, गेटमनचा रॉकेलचा दिवा, यांना विचारतो कोण?

असो. मी भरकटतोय. संग्रहालयाला जायचं खरं कारण वेगळं होतं. आमचं सातारा जिल्ह्यातलं, कोरेगाव तालुक्यातलं घर यंदा पाडायचं ठरलं. भिंती मातीच्या, दोन पावसाळे कसेबसे काढले. वडील गेल्यावर आई एकटी तिथे राहत होती, ती आता आमच्याकडे प्रताप नगरला आली आहे. हे तुमच्यातल्या पुष्कळांच्या घरी झालंय किंवा होणार आहे. तीन भाऊ, तीन शहरांत तीन फ्लॅट, आणि मध्ये अख्खं घरभर सामान. मोडवाला काटा घेऊन ओट्यावर बसलेला. तांब्याचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा. आपल्या त्रिपोलिया बाजारात भांडं किलोवर मिळतं तसंच तिकडे किलोवर जातं. त्या काट्यासमोर उभं राहिलं की माणसाला काय ठेवावं हे कळेनासं होतं. म्हणून मी म्हटलं, दोन दिवस पुण्याला जाऊ, ज्याने आयुष्यभर हेच केलं त्याचं घर बघून येऊ.

मला बंब हवा होता. तांब्याचा, पुण्याच्या तांबट आळीत मठारलेला, आजोबांनी आणलेला. तरुण मंडळींसाठी सांगतो, बंब म्हणजे अंघोळीचं पाणी तापवायचं पिंप. मध्ये उभी नळी, तिच्यात वरून गोवऱ्या-शेणकूट-लाकडं टाकायची, खाली जाळी, जाळीतून राख पडते, आणि नळीच्या भोवती पाणी. आता वाफेच्या इंजिनाचा बॉयलर आठवा. नळ्यांतून आग आणि धूर, भोवती पाणी. तत्त्व तेच! तिथे अशा नळ्या कितीतरी असतात आणि वाफ कोंडलेली असते, आमच्या बंबाला एकच नळी आणि तोंड उघडं. मी रेल्वेत येण्याच्या आधी पंधरा वर्षं रोज सकाळी बॉयलर पेटवत होतो असं म्हणायला हरकत नाही.

पुण्याहून गावी परत आल्यावर मी हे सगळं आईला उत्साहाने समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू पेटवायचास रविवारी. बाकी सहा दिवस धूर मी खाल्ला. बंब मोडीत जाऊ दे.” आणि गेला. जात्याचंही तेच. मी त्याच्या खुंट्याचं आणि वरच्या तळीच्या टाक्यांचं कौतुक करत होतो. “पायलीभर जोंधळा दळून दाखव, मग कौतुक कर,” एवढं बोलून ती आत गेली. भाऊ हसायला लागले. गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी जात्याकडे वळून पाहिलं नाही, आणि मला वाटतं त्यांनी योग्यच केलं. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने सोन्याचं वजन कुणी उचललं हेही विचारावं. जुन्या काळाची ओढ ज्यांना असते, ते बहुधा त्या काळात लहान होते, किंवा पुरुष होते. मी दोन्ही होतो.

मग आईने ठेवलं काय? ढिगातून तिने स्वतः एक वस्तू उचलली. धान्य मोजायचं मापटं. पत्र्याचं, काठाला पितळेची पट्टी, एका बाजूने चेपलेलं. मोडवाल्याने दहा रुपये दिले नसते. मी विचारलं, हेच का? तर सुगी झाल्यावर आजी याच मापट्याने बलुतेदारांचं धान्य घालायची. मोजताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. आजी गेल्यावर ते काम आईकडे आलं. घरातला पैसा कधी तिच्या हातात आला नाही, पण मापटं होतं. बंबाबद्दल तिला धूर आठवतो आणि मापट्याबद्दल आपला हात.

आता ते मापटं आमच्या इथल्या ओट्यावर आहे. रोजचे तांदूळ आई त्यातच घेते. मुलीला तिने सगळं कोष्टक शिकवलं. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. दशमान वजनं-मापं १९६० च्या दशकात देशभर लागू झाली, पण आमच्या गावात बायकांचा हिशेब त्यानंतरही कितीतरी वर्षं याच मापात चालला. मुलगी कॉम्प्युटर सायन्सवाली. ती म्हणाली, “आजी, हे तर बायनरी आहे!” शेरापर्यंत प्रत्येक पायरीला दुप्पट. बघा, मला बावीस वर्षांच्या नोकरीत हे सुचलं नव्हतं!

तर आता मुद्द्याची गोष्ट. समितीशी बोलून ठेवलं आहे. येत्या शनिवारी आणि रविवारी आरतीनंतर, मंडपाच्या डाव्या बाजूला दोन टेबलं मांडू. प्रत्येक घराने एकच वस्तू आणायची, तुमच्या आई-वडिलांनी रोज वापरलेली. स्टोव्हची पिन चालेल, आंतरदेशीय पत्र चालेल, एच.एम.टी.चं घड्याळ चालेल, सोऱ्या चालेल. सोबत पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन ओळी: तिला तुमच्याकडे काय म्हणतात, कशी धरायची, आणि तिने कुणाचे हात दुखले. नागपूरकर, बेळगावकर, इंदूरकर सगळे आहेत, एकाच वस्तूची चार नावं निघाली तर चारही लिहा. आपले राजस्थानी शेजारीही वस्तू आणतील, त्यांना मी विचारलं आहे. आजी-आजोबांसाठी टेबलामागे खुर्च्या ठेवू. लहान मुलांनी लिहून घ्यायचं, त्यांना वह्या मंडळ देईल.

फक्त एक विनंती. जातं, पाटा-वरवंटा आणि उखळ यांचे फोटो आणा. गेल्या वर्षी स्टेज उचलताना ज्यांची कंबर धरली होती, ते दोघेही यंदा स्वयंसेवकांत आहेत.