मणक्यास स्क्रू केव्हां?

अपघातांत मोडून डळमळीत झालेला मणका स्क्रूंनीं जखडावा, याविषयीं शस्त्रवैद्यांत फारसा वाद नाहीं. सुताराचाच हा मळसूत्री खिळा. धातु तेवढा बहुधा टायटॅनियम! वाद आहे तो उतारवयांत कमरेचा मणका पुढें सरकून मज्जातंतूंचा मार्ग अरुंद होतो, तेथें. औषध व व्यायाम हरले म्हणजे हाड कोरून मार्ग मोकळा करावा, हें बहुतेकांस मान्य; पण स्क्रू? १९९७ सालच्या एका अमेरिकन अभ्यासांत अस्थिकलमाबरोबर स्क्रू घातलेल्यांचीं हाडें अधिक सांधलीं; दोन वर्षांनीं वेदनेंत मात्र अंतर आढळलें नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रास लाभ झाला, रोग्यास निराळा झाला नाहीं. २०१६ सालीं स्वीडनमधील २४७ रोग्यांवरील प्रयोगानें मणके सांधण्याचा जादा लाभ नाकारला. अमेरिकेंतील ६६ रोग्यांवरील प्रयोगास तो थोडा आढळला. कित्येक शस्त्रवैद्य म्हणून आधीं एवढेंच पाहतात, कीं रोगी वांकतांना मणका हलतो काय.