वेतन आणि दान
(महोत्सवप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या अड्याळच्या शिवारात धान पिकते. परंतु ह्याच भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, धरणीमाता मँगनीज देते. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण व चिखल्याची भूमिगत खाण आपणांस ठाऊक आहेतच. त्या चालविणाऱ्या 'मॉईल' कंपनीचे मूळ 1896 सालच्या एका ब्रिटिश मंडळीत आहे. 1962 साली तीत सरकार भागीदार झाले.

खाणीभोवतीच्या गावांस कंपनी पाणी, शिक्षण, औषधपाणी ह्यांसाठी साहाय्य करते. ह्यास आपण दान म्हणतो. परंतु 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के लोककार्यास लावणे बंधनकारक केले आहे. शिवाय, केवळ आपल्याच कामगारांच्या हितासाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही.

हा भेद फार मोलाचा आहे. खाणीत पिण्याचे पाणी व प्रथमोपचार ठेवणे हे 1952 च्या खाण कायद्यानेच मालकाचे कर्तव्य ठरविले होते. ती कृपा नव्हे. परमगुरु तेरावे लिओ ह्यांनी 1891 साली हेच शिकविले: मजुरास उदरनिर्वाहास पुरेल असे वेतन देणे हा न्याय होय, उरल्यातून देणे ही प्रीती होय. प्रीतीने न्यायाचे ऋण फिटत नाही.

म्हणून गावात कंपनीच्या नावाची पाटी दिसेल तेव्हा आभार अवश्य माना. परंतु कंत्राटी मजूर पूर्ण वेतन घेऊन, धडधाकट घरी परतला की नाही, हेही विचारा.