वजनकाटा नव्हे, टेप



जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागलं की पूर्वेला ही बस्सी. हा मुलूख बाजरीचा, आजचा विषय मात्र सोयाबीनचा. राजस्थानचं सोयाबीन पिकतं ते तिकडे हाडौतीत, कोटा, बारां, झालावाडच्या काळ्या जमिनीत. पण मुगाच्या मंगोड्या घालणाऱ्या बायकांना सोयाची बडी काही परकी नाही.

पाहुण्यांत मराठी मंडळी आहेत, म्हणून आधी पुण्याची गोष्ट. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२! वजनकाट्याला हे कुठून कळायचं?

पाळी गेल्यावर बाईची चरबी पोटाकडे सरकते, वयाबरोबर स्नायू झिजतात. काट्यावरचा आकडा मात्र तोच राहू शकतो. म्हणून कंबर मोजायची. भारतीय बाईची ८० सेंटीमीटर किंवा जास्त, उपाशीपोटी साखर १००च्या वर, रक्तदाब १३०/८५च्या पुढे, ट्रायग्लिसराइड १५०च्या वर, चांगलं कोलेस्टेरॉल ५०च्या खाली: या पाचांतली तीन जुळली की मेटाबॉलिक सिंड्रोम.

मग सोयाचं काय? इराणमध्ये पाळी गेलेल्या आणि हाच त्रास असलेल्या ४२ बायकांवर झालेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या जेवणातलं लाल मांस काढून त्या जागी आठ आठवडे सोयाप्रथिन, आठ आठवडे भाजलेलं सोयाबीन दिलं. साखर आणि वाईट कोलेस्टेरॉल या दोन्हींत अख्ख्या दाण्याने सोयाप्रथिनाला मागे टाकलं. यातला ‘काढून’ हा शब्द महत्त्वाचा. आहे त्या ताटात वर मूठभर सोयाबीन टाकलं तर वाढतात ते उष्मांकच. नुसत्या सोयाने पोट उतरतं, असा भक्कम पुरावा तर नाहीच. सुक्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं असतात, ती झिजणाऱ्या स्नायूंच्या कामी येतात. पण त्यांना चालण्याची, वजन उचलण्याची जोड हवी.

दाणा कच्चा दळू नये. त्यातला ट्रिप्सिन-रोधक प्रथिनं पचू देत नाही. आधी उकडावा किंवा भाजावा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं.

चहासोबत आज शेवेऐवजी भाजलेलं सोयाबीन आहे. दाराशी मुली टेप घेऊन उभ्या आहेत. आजीबाईंनी कंबर मोजून घेतल्याशिवाय जेवायला जाऊ नये.