कोनशिलेवर नाव कोणाचे?



चाकणचा भुईकोट, संग्रामदुर्ग, फिरंगोजी नरसाळा यांनी 1660 साली शायिस्ताखानाच्या फौजेविरुद्ध सुमारे पावणेदोन महिने लढविला. वडगाव मावळला 1779 च्या जानेवारीत मराठ्यांनी इंग्रजांना तह करावयास लावला. चिंचवडच्या चापेकर बंधूंपैकी दामोदरपंत 1898 मध्ये आणि वासुदेव व बाळकृष्ण 1899 मध्ये फासावर गेले. वाटसरूला क्षणभर थांबविणारे काहीतरी या तिन्ही ठिकाणी उभे आहे: पडका तट, स्मारक, पुतळा. ते योग्यच होय. परकी सत्तेविरुद्धच्या लढ्याची आठवण ज्याला अडचणीची वाटते त्याने समाजवादाची भाषा बोलू नये.

परंतु या पट्ट्याचा इतिहास 1899 साली संपलेला नाही. 1954 मध्ये सरकारी मालकीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली आणि पिंपरीच्या माळावर पेनिसिलिन तयार होऊ लागले. 1961 चा औद्योगिक विकास कायदा आला, पाठोपाठ 1962 मध्ये महामंडळ आले, आणि भोसरीपासून पुढे चाकणपर्यंत जिराईत जमिनी कारखान्यांकडे गेल्या. 1970 ची नगरपालिका 1982 मध्ये महानगरपालिका झाली. या स्थित्यंतराच्या खुणा रस्त्यावर शोधू गेल्यास उद्घाटनाच्या कोनशिला सापडतात. त्यांवर मंत्र्यांची नावे ठळक असतात.

दुसरी खूण चौकांच्या नावांत आहे. थरमॅक्स चौक, केएसबी चौक, टेल्को रस्ता. पाळीच्या वेळी गाडीतून उतरणाऱ्या माणसांच्या तोंडी ही नावे रुळली. पण त्यांतही नाव कंपनीचेच राहिले. जमीन ज्याची होती त्याचे नाव तलाठ्याच्या दप्तरात, सातबाऱ्यावर कंस होऊन पडले आहे. खरा ऐतिहासिक फलक तोच. फक्त तो रस्त्यावर नाही. औद्योगिक वसाहतीच्या वेशीवर तीनच गोष्टी लिहाव्यात: किती एकर घेतली, कोणत्या साली, एकरी काय भावाने. पुतळ्यापेक्षा हा मजकूर राज्यकर्त्यांना अधिक बोचेल, कारण त्या भावाची तुलना आजच्या भावाशी कोणीही शाळकरी मुलगा करू शकेल.

यापुढचा प्रश्न अवघड आहे. 9 ऑगस्ट 2011 रोजी, ऐन क्रांतिदिनी, पवना धरणाचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले. त्यांत एक स्त्री होती. या घटनेचा फलक लिहावयाचा तर पाणी कोणासाठी जात होते तेही लिहावे लागेल. ते पाणी शहरातील कामगारांनाही हवे आहे, आणि त्या कामगारांपैकी पुष्कळजण शेतकऱ्यांचीच मुले आहेत. शहरातील कामगार संघटनांनी या फलकासाठी पुढाकार घेतला तरच त्याला राजकीय अर्थ येईल. एरवी तो मावळचे एकट्याचे दुःख म्हणून उरेल.

तळवड्याचेही तसेच. 8 डिसेंबर 2023 रोजी वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या फुलबाजीवजा मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि तेथे राबणाऱ्या स्त्रिया होरपळून मेल्या. अशा शेडपुढे मृतांची नावे व तारीख असती, तर कारखाना निरीक्षकाला तेथून मान खाली घालून जावे लागले असते.

शासन असले काही करणार नाही, असे निराशेने म्हणण्याची पद्धत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात काँग्रेसच्याच राजवटीत गोळ्या झाडल्या गेल्या आणि काँग्रेसच्याच राजवटीत फ्लोरा फाउंटनपाशी हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. ते औदार्य नव्हते, चळवळीचा रेटा होता.

द्रुतगती मार्गावर फलक उभारण्यास परवानग्या लागतील आणि त्या सहज मिळणार नाहीत. गावच्या रस्त्यासाठी मात्र ग्रामसभेच्या ठरावाने सुरुवात करता येते. तत्पूर्वी कार्यकर्त्यांनी जुने फेरफार उतरवून घ्यावेत आणि गावातील म्हाताऱ्यांकडून त्या वेळचे भाव विचारून ठेवावेत.