पाळण्याची दोरी कोणी ओढायची?

हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

सिंदखेडराजा आपल्याला नवीन नाही. १२ जानेवारीला आपण जातोच. पहाटे राजवाड्यात जिजाऊंना वंदन करायचं, गर्दीत लेकरं हरवू नयेत म्हणून त्यांचे हात घट्ट धरायचे, गटाचा स्टॉल असला तर दिवसभर भाकरी थापायच्या आणि अंधार पडायच्या आत टेम्पोत बसून घरी यायचं. मीही वर्षानुवर्षं असंच केलं. तीन वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर माझ्या मुलीनं विचारलं, "आई, एवढ्या मोठ्या वाड्यात पाणी कोण भरत होतं?" मला उत्तर आलं नाही. मी बी.ए. झालेली, तेही इतिहास घेऊन.

त्या प्रश्नावरून आमच्या गावच्या तीन गटांनी ठरवलं, की गर्दीचा दिवस सोडून संक्रांतीनंतरच्या एका रविवारी लेकरांना घेऊन पुन्हा जायचं. भाषण नको, हार नको. जुनं जगणं हातांनी करून दाखवायचं. दिवाळीत पोरं अंगणात मातीचा किल्ला करतात ना? चिखलात हात घातल्यामुळे त्यांना बुरूज आणि तटबंदी कळते, पुस्तकातल्या चित्रावरून तेवढी कळत नाही. तसंच हे.

असं काम जगात जुनं आहे. स्वीडन देशात स्टॉकहोम शहरात १८९१ पासून स्कान्सेन नावाची जागा आहे. ठिकठिकाणची जुनी घरं तिथं आणून मांडली आहेत, आणि जुन्या वेषातली माणसं त्या घरांत बसून जुनी कामं करून दाखवतात. आपल्याकडे कोल्हापूरजवळ कणेरी मठावर बारा बलुतेदारांचं अख्खं गाव उभं केलंय, पण तिथं पुतळे आहेत. सुंदर आहेत, तरी पुतळ्याला लेकरू प्रश्न विचारू शकत नाही. आपल्याला तर घर बांधायचीही गरज नाही. लखुजीराजांचा वाडा उभा आहे, काळाकोट आहे, रंगमहाल आहे, पुतळा बारव आणि मोती तलाव आहे. फक्त त्यात माणसं हवीत.

माणसं आमच्याकडे होती. एका काकूंनी जातं आणलं, एकीनं चरवी आणि घागरी आणल्या, एकीनं घरचा कापूस. मुलांना कापसातली सरकी हातानं काढायला बसवलं. अर्ध्या तासात मूठभर कापूस निघाला, तेव्हा अंगावरच्या सदऱ्याकडे पोरं वेगळ्याच नजरेनं बघायला लागली. मुलींसारखंच मुलांनाही जात्यावर बसवलं आणि डोक्यावर घागर देऊन चालायला लावलं. निम्मं पाणी अंगावर सांडलं. माझ्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिला मानेतच मिळालं.

भांडण झालं ते ठेच्यावरून. मी म्हटलं, जिजाऊंच्या लहानपणी मिरची आपल्या भागात अशी घरोघर नसणार, ती पोर्तुगीजांबरोबर समुद्रापलीकडून आली. टोमॅटो नव्हता, बटाटा नव्हता, सोयाबीन तर नव्हतंच, चहासुद्धा नव्हता. त्यावर एक बाई उठली. "बिनठेच्याची भाकर माझ्या हातून व्हायची नाही." शेवटी भाकरी, तुरीचं वरण आणि मिऱ्याची चटणी मुलांना दिली, ठेचा मोठ्यांनी मागे लपून खाल्ला. चहाही.

पण खरा पेच आधीच, बैठकीत पडला होता. सुरुवात जिजाऊंच्या पाळण्यानं करायची ठरलं. आमच्या गटात एक आजी आहेत, त्यांना येतात तेवढे पाळणे आणि ओव्या तालुक्यात कुणाला येत नसतील. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या, आणि आजी मागे सरकल्या. एकजण हळूच म्हणाली, "दोरीला सवाष्णच पाहिजे ना?" आजींचा मालक जाऊन बावीस वर्षं झालीत. त्या म्हणाल्या, "मी आपली जात्यावर बसते. वाड्यात दळणारी असेलच की कुणीतरी, ती मी."

मला राहवलं नाही. मी तारखाच सांगितल्या. शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत कर्नाटकात शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून गेले. जिजाऊ त्यानंतर दहा वर्षं जगल्या. ६ जून १६७४ ला लेकाचा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी बघितला आणि १७ जूनला पाचाडला देह ठेवला. ती सगळी दहा वर्षं, राज्याभिषेकाच्या दिवशीसुद्धा, त्या विधवा होत्या. ज्यांचा पाळणा हलवायचा त्यांनाच आपण आज दोरीला हात लावू दिला नसता!

आणखीही एक सांगितलं. १६२९ च्या जुलैत दौलताबादला निजामशहाच्या दरबारात लखुजीराजे, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू, चौघांना दग्यानं मारलं. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. बायांनी बोटांवर महिने मोजले, आपल्याला ते पटकन जमतं. म्हणजे माहेर उजाड झालं तेव्हा त्या पोटुशी होत्या. बैठक गप्प झाली.

सगळ्यांना पटलं असं नाही. "त्या राजमाता, आपलं तसं चालत नाही," असं एकीनं तोंडावर सांगितलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं इतर गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तेही मी वाचून दाखवलं. कागदानं मन बदलत नाही, हेही बघितलं. दोन घरच्या बाया त्या रविवारी आल्याच नाहीत.

आजी आल्या. जातं आधी मांडून घेतलं, मग पाळण्यापाशी उभ्या राहिल्या. दोरी धरायला त्यांना वेळ लागला, हात पदराला पुसून पुसून लाल झाला. गाणं सुरू झाल्यावर मात्र थांबल्याच नाहीत. नंतर एका मुलानं विचारलं, "आजी, जिजाऊ दळायच्या का?" आजी म्हणाल्या, "दळणाऱ्या दुसऱ्या होत्या बाळा. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत."

तुम्हाला करायचं असेल तर थोडं कामाचं सांगते. या जागा संरक्षित आहेत, म्हणून पुरातत्त्व विभागाकडे लेखी अर्ज महिनाभर आधी द्या. चूल वाड्यात पेटवायची नाही, आम्ही ती लांब, गावातल्या ओळखीच्या अंगणात मांडली. दगडाला हळदकुंकू, तेल लावू नका, नारळ फोडू नका, मंडपासाठी भिंतीत खिळा तर अजिबात नको. २०२४ च्या जूनमध्ये लखुजीराजांच्या समाधीजवळ काम चालू असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. आपण सहज खड्डा खणतो तिथं खाली काय असेल सांगता येत नाही.

लेकरांसाठी सकाळी नऊ ते एक एवढाच वेळ ठेवा. सावली आणि पिण्याचं पाणी आधी बघून या, संडास कुठे आहे तेही. अंगावर पाजणाऱ्या बायांसाठी दोन लुगड्यांचा आडोसा करा. तलावाच्या आणि बारवेच्या काठाशी दोन मोठी माणसं कायम उभी हवीत, त्यांना दुसरं काम देऊ नका. आम्ही पहिल्या वर्षी ते विसरलो होतो, आणि एक पोरगं पायऱ्यांवर सापडेपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता.

यंदाची बैठक पुढच्या मंगळवारी आहे. न आलेल्या दोन घरांपैकी एका घरच्या सूनबाईंनी निरोप पाठवलाय, जातं आमच्याकडचं न्या, चांगलं चालतं. त्या स्वतः येतात का, बघू. आजींनी मात्र आधीच सांगून ठेवलंय, "मिऱ्याची चटणी पुन्हा करू नका गं."